उणे चाळीस अंशांवर चालणारे इंजिन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्टेअरिंगखालच्या सॉकेटात बसणारे ब्लूटूथ अडॅप्टर तालुक्याच्या बाजारात मिळू लागल्यापासून गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्याबरोबर आमच्याकडे येणारी पत्रेही वाढली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. हा संगणक षोडशमान, म्हणजे हेक्साडेसिमल, पद्धतीत उत्तर देतो. त्या पद्धतीतली दहा ते पंधरा या किमतींची अक्षरे आम्ही येथे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी छापली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील.

प्रश्न : माझ्या २०२१ सालच्या छोट्या डिझेल पिकअपमधून संत्र्यांची वाहतूक होते. काही दिवसांपासून चेक इंजिनचा दिवा लागलेला आहे. स्कॅनरवर ‘पी०११८, इंजिन कूलंट टेंपरेचर सर्किट हाय’ असे येते. मिस्त्रींनी ‘गाडी तापून रायली’ असे सांगून थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदलले, रेडिएटर धुतला. दिवा जसाच्या तसा आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये मात्र इंजिनाचे तापमान उणे ४० अंश दिसते आणि इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतही ४४ अंश असतात. यातले खरे काय मानावे?
— पिकअपचालक, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : कोडातला ‘हाय’ हा शब्द तापमानाविषयी नाही, तो विजेच्या दाबाविषयी आहे. सगळा खर्च या एका गैरसमजापायी झालेला दिसतो. कूलंटचा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो असा एक थर्मिस्टर असतो. अनेक गाड्यांत त्याचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, आपल्या आतल्या एका रोधकातून या सेन्सरला ५ व्होल्ट देते आणि त्या तारेवर उरलेला दाब मोजते. इंजिन गरम असेल तर सेन्सरमधून वीज सहज वाहते आणि दाब कमी भरतो. इंजिन थंड असेल तर दाब जास्त भरतो. आता तारच तुटली, कनेक्टर सैल झाला किंवा सेन्सर आतून उघडा पडला, तर वीज वाहण्यास वाटच उरत नाही, दाब थेट ५ व्होल्टवर जाऊन बसतो आणि ईसीयूच्या हिशेबाने इंजिन कल्पनेपलीकडे थंड ठरते. म्हणजे ‘सर्किट हाय’ हे कोड आणि थंड तापमानाचा आकडा ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत. याच्या उलट, तार कुठे बॉडीला टेकली तर पी०११७, म्हणजे ‘सर्किट लो’, हे कोड येते आणि पडद्यावरचे तापमान भलतेच वर जाते.

आकडा नेमका उणे ४०च का, हेही पाहून घ्यावे. ॲप ईसीयूला ‘०१ ०५’ असा प्रश्न पाठवते. त्यातले ०१ म्हणजे चालू माहिती आणि ०५ म्हणजे कूलंटचे तापमान. उत्तर ‘४१ ०५’ने सुरू होते आणि त्यापुढे एक बाइट, म्हणजे दोन हेक्स अंकांची एक जोडी, येते. त्या बाइटची दशमान किंमत काढून त्यातून ४० वजा करायचे, एवढेच त्याचे सूत्र आहे. शून्यापासून २५५पर्यंतच्या अंकांत उणे तापमानही बसावे म्हणून ही वजाबाकी ठरवलेली आहे. त्यामुळे या सूत्रात उणे ४० ते २१५ अंश एवढाच पट्टा मावतो. आपल्या गाडीकडून ‘४१ ०५ ००’ असे उत्तर येत असणार, म्हणजे बाइट शून्य, आणि शून्य वजा चाळीस. ॲप सेल्सिअसवर आहे की फॅरनहाइटवर, याची चिंता करण्याचेही कारण नाही, कारण ही दोन्ही मापे याच एका आकड्यावर एकत्र येतात.

पंखा फिरत राहणे हा बिघाड नाही. तापमान कळेनासे झाले की अनेक गाड्यांची ईसीयू वाईटात वाईट गृहीत धरते आणि इंजिन वाचवण्यासाठी पंखा कायम चालू ठेवते. काही गाड्यांत कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरवर अशा वेळी ८० किंवा ९० अंश असा बदली आकडाही दिसतो, जो कोणीही मोजलेला नसतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करावी, सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा लहानसा तुकडा लावून ॲपकडे पाहावे. आकडा उणे ४०वरून एकदम शंभराच्या बराच वर गेला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, बदलायचा तो सेन्सर. आकडा जागचा हलला नाही तर तार किंवा कनेक्टरमधील पिन पाहावी. पिकअप रात्री गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेली वायर आधी शोधावी. मात्र तारेचा हा प्रयोग दोन तारांच्या तापमान सेन्सरवरच करावा. तीन तारांच्या सेन्सरमध्ये एका तारेवर थेट पुरवठा असतो आणि तेथे अशी जोडणी केल्यास ईसीयूचे नुकसान होऊ शकते.

दुरुस्तीनंतर एका सकाळी, रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी, कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहावेत. बाहेरच्या हवेशी आणि एकमेकांशी ते दोन-चार अंशांच्या फरकाने जुळले पाहिजेत. हजारो रुपयांच्या स्कॅनरपेक्षा ही फुकटची कसोटी आम्हांला अधिक भरवशाची वाटते.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकतो. प्रकल्पासाठी एका डिझेल गाडीतून टर्मिनल ॲपद्वारे नोंदी घेतल्या. त्यांतील काही अशा : ‘४१ ०० ९८ ३बी ८० १३’, ‘४१ ०५ ७६’, ‘४१ ०सी १सी २०’, ‘४१ ०डी २ए’, ‘४१ ०एफ ५८’. मी ७६ वजा ४० करून इंजिनाचे तापमान ३६ अंश धरले. परंतु फेरे काढताना १सी आणि २० यांची बेरीज करून चाराने भागले तर मिनिटाला १५ फेरे येतात, जे अशक्य आहे. माझे कोठे चुकते?
— विद्यार्थी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : फेऱ्यांचा आकडा अशक्य निघाला म्हणून आपल्याला शंका आली, हे चांगले झाले, परंतु जास्त धोकादायक चूक तापमानाची आहे, कारण ३६ अंश हा आकडा आपल्याकडच्या हवेला शोभणारा असल्याने त्याचा संशय येत नाही. येथील ७६ हा दशमान अंक नाही. ७ गुणिले १६ अधिक ६ म्हणजे ११८, आणि त्यातून ४० गेले की ७८. इंजिन चांगले गरम झालेले आहे. त्याच रीतीने ०एफ म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान : ५८ची किंमत ८८, त्यातून ४० वजा करून ४८ अंश, जे बॉनेटखाली उन्हाळ्यात साहजिक आहे. ०डी म्हणजे वेग, त्याला सूत्रच नाही. २ए म्हणजे ४२, तेवढे किलोमीटर ताशी.

फेऱ्यांसाठी एक बाइट पुरत नाही म्हणून ईसीयू दोन देते. पहिली बाइट ही वरची असते, म्हणून तिला २५६ने गुणून मग दुसरी मिळवायची आणि शेवटी चाराने भागायचे. १सी म्हणजे २८. २८ गुणिले २५६ म्हणजे ७१६८. त्यात २०चे, म्हणजे दशमान ३२, मिळवले की ७२००. आणि त्याचा चौथा भाग १८०० फेरे. ४२च्या वेगाला मधल्या गिअरमध्ये हा आकडा बरोबर बसतो. निरनिराळे आकडे असे परस्परांशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्या नोंदींतली सर्वांत मोलाची ओळ पहिलीच आहे आणि तिच्याविषयी आपण काहीच विचारलेले नाही. ‘०१ ००’ हा प्रश्न ईसीयूला विचारतो की तुझ्याकडे काय काय आहे. उत्तरातल्या चार बाइटमध्ये बत्तीस बिट असतात आणि प्रत्येक बिट एकेका मापाच्या क्रमांकासाठी हो किंवा नाही सांगते. ९८ द्विमान पद्धतीत लिहिले की १००१ १००० असे होते. म्हणजे ०१ आहे, ०४ आहे, ०५ आहे, ०६ आणि ०७ नाहीत. ३बी म्हणजे ००११ १०११; ०९ आणि ०ए नाहीत, ०बी, ०सी, ०डी आहेत, ०ई नाही, ०एफ आणि १० आहेत. तिसऱ्या बाइटमधून ११ आणि चौथीतून १सी, १एफ, २० मिळतात. शेवटच्या २०चा अर्थ एवढाच की पुढच्या बत्तीस मापांची यादी ‘०१ २०’ विचारून मिळेल. ०६ आणि ०७ म्हणजे इंधनाच्या मिश्रणाच्या दुरुस्त्या आणि ०ई म्हणजे ठिणगीची वेळ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते आणि मिश्रण पेट्रोलसारखे एका प्रमाणाला बांधलेले नसते, म्हणून ही खाती रिकामी आहेत. एखादे ॲप या गाडीत इंधन-दुरुस्तीचा आकडा दाखवू लागले तर तो गाडीतून आलेला नाही, असे खुशाल समजावे.

नोंदी स्प्रेडशीटमध्ये घेताना एक सापळा आहे. मोकळ्या जागा काढून टाकलेली नोंद ‘१ई२०’ अशी असेल तर स्प्रेडशीट तिला वैज्ञानिक पद्धतीची संख्या समजून एकावर वीस शून्ये असलेला आकडा करून ठेवते. खरे तर ते १९२८ फेरे असतात. सुरुवातीची शून्येही अशीच गळून पडतात. त्यामुळे फाइल उघडण्याआधी तो स्तंभ मजकूर म्हणून घोषित करावा आणि मगच हेक्सचे दशमान करणारे फंक्शन वापरावे.

अडॅप्टरविषयीही थोडे लिहितो. ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त अडॅप्टरे तिच्या नकला आहेत. आवृत्ती विचारल्यावर पुष्कळ अडॅप्टरे ‘१.५’ सांगतात आणि मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. साध्या वाचनाला त्या चालतात, परंतु एकेक माप स्वतंत्रपणे विचारत असल्याने आपल्या फाइलमधला वेग आणि फेरे एकाच क्षणाचे नसतात. गिअरचे गुणोत्तर काढायचे असेल तर दोन्ही मापे एकाच प्रश्नात मागवावीत, जसे ‘०१ ०सी ०डी’. कॅन या, गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, पद्धतीच्या गाड्यांत एका वेळी सहा मापांपर्यंत असे विचारता येते.

प्रश्न : माझी पिकअप २०१२ सालची आहे. सॉकेट सोळा पिनांचेच आहे, तरी ॲप जोडले जात नाही. सॉकेट खराब आहे का?
— वाशीम जिल्हा

उत्तर : बहुधा नाही. भारत स्टेज चार या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना १ एप्रिल २०१३पासून ओबीडी दोन (ॲपला कळणारी तपासणीची सामायिक पद्धत) बंधनकारक झाले, परंतु ते मानकच प्रथम निवडक शहरांत आले. २०१०मध्ये सुरुवातीच्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, नागपूर नव्हते. साऱ्या देशात ते लागू झाले १ एप्रिल २०१७ रोजी. त्यामुळे आपल्या भागात २०१२ साली नोंदणी झालेली पिकअप भारत स्टेज तीनची असण्याचाच संभव मोठा आहे. अशा गाडीत सॉकेट असते, पण त्यातून बोलली जाणारी भाषा कंपनीची स्वतःची असते आणि ती कंपनीच्या स्कॅनरलाच कळते. खात्रीसाठी मल्टीमीटरने पिन क्रमांक १६ आणि ४ यांमध्ये बॅटरीचा दाब मिळतो का, एवढे पाहावे.

प्रश्न : डिझेल कार आहे. ॲप दर लिटरला ९ किलोमीटर दाखवते. पंपावर टाकी भरून काढलेला हिशेब मात्र १८च्या वर जातो. इंजेक्टर जास्त डिझेल सोडत असतील का?
— कापूस व्यापारी, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : इंजेक्टरांना हात लावू नये. टाकीचा हिशेब खरा आहे, ॲपचे गणित चुकीच्या इंधनाचे आहे. बहुतेक गाड्यांत इंधन किती जळाले हे या मार्गाने थेट कळत नाही. ‘०१ ५ई’ या मापात लिटर प्रति तास मिळते खरे, पण पुष्कळ गाड्या ते देत नाहीत. म्हणून ॲप हवेवरून इंधनाचा अंदाज करते. माप १०मध्ये इंजिनात दर सेकंदाला जाणाऱ्या हवेचे ग्रॅम मिळतात, दोन बाइटच्या संख्येला शंभराने भागून. पेट्रोल इंजिनात १४.७ ग्रॅम हवेला एक ग्रॅम पेट्रोल हे प्रमाण ईसीयू बहुतेक काळ सांभाळते, म्हणून ६०च्या वेगाला १२ ग्रॅम हवा जात असेल तर पेट्रोल सेकंदाला ०.८२ ग्रॅम, तासाला सुमारे २९४० ग्रॅम, म्हणजे ३.९ लिटरच्या थोडे वर, आणि ॲव्हरेज १५च्या जवळ येते. हा अंदाज बरा असतो. पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असेल तर मात्र प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरते आणि तीच हवा मोजून खरे ॲव्हरेज १४पर्यंत खाली येते. ॲपमध्ये इंधनाचा प्रकार निवडण्याची सोय असल्यास तेथे ते बदलावे.

डिझेल इंजिन हवा आखडती घेत नाही. त्यात हवा भरपूर जाते आणि शक्ती कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेने. एका ग्रॅम डिझेलमागे कधी वीस ग्रॅम हवा तर कधी पन्नास. समजा ६०च्या वेगाला २० ग्रॅम हवा जाते आहे. ॲपने पेट्रोलचे प्रमाण लावले की उत्तर लिटरला ९ किलोमीटर. त्या क्षणी खरे प्रमाण तीसास एक असेल तर डिझेल तासाला २४०० ग्रॅम, म्हणजे २.९ लिटर, आणि ॲव्हरेज २०च्या वर. आपल्या पत्रातला फरक याच जातीचा आहे. ज्या डिझेल गाडीतून ५ई मिळत नाही तिच्यासाठी ॲपचे ॲव्हरेज बंद करून ठेवणे आणि पंपावर काठोकाठ भरून हिशेब करणे हेच शहाणपणाचे आहे.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याला प्रवासी नेतो. ॲपमध्ये टर्बोचा दाब गाडी बंद असतानाही ९७ दिसतो आणि घाटात २५५वर जाऊन अडकतो. गॅरेजवाले टर्बो अडकल्याचे सांगतात.
— टॅक्सीचालक, अचलपूर तालुका

उत्तर : दोन्ही आकडे निरोगी टर्बोचे असू शकतात. माप ०बी हे हवेचा निरपेक्ष दाब किलोपास्कलमध्ये सांगते, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा दाबही त्यात धरलेला असतो. इंजिन बंद असताना दिसणारे ९७ हे सपाटीवरच्या वातावरणाचे आहेत. तीच गाडी सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यात चावी चालू करून पाहिली तर आकडा ८९च्या आसपास उतरलेला दिसेल आणि तो तसा उतरला तर सेन्सर ठीक आहे, हेही त्यातून कळेल. टर्बोने घातलेली भर काढायची तर चालू आकड्यातून वातावरणाचा दाब वजा करावा. तो ‘०१ ३३’ने मिळतो. किलोपास्कलला ०.१४५ने गुणले की पीएसआय मिळतात.

२५५वर अडकणे हा मापाचा दोष आहे, टर्बोचा नाही. एका बाइटमध्ये २५५पेक्षा मोठी संख्या मावतच नाही. सपाटीवर २५५मधून ९७ गेले की १५८ किलोपास्कल, म्हणजे २३ पीएसआयच्या जवळ, ही या मापाची कमाल झाली, आणि आजच्या डिझेल इंजिनांचा टर्बो चढावर तेवढा दाब सहज गाठू शकतो. टर्बो खरोखर अडकला असता तर एकतर गाडीला ओढ राहिली नसती आणि आकडा शंभराच्या आसपासच घुटमळला असता, किंवा दाब अनावर वाढून पी०२३४ हे जादा दाबाचे कोड लागले असते. यांतले काहीही आपण लिहिलेले नाही. घाटात गाडी ओढते आहे आणि दिवा लागलेला नाही, तोवर टर्बो उघडू देऊ नये.

प्रश्न : ५५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर आहे. त्याच्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटातून जाणकार पुतण्याने कॅनवरचे संदेश उतरवले. फेऱ्यांच्या जागी ‘८० २५’ दिसते. कारच्या सूत्राने ते ८२०१ फेरे होतात, आणि ट्रॅक्टरचे ०.१२५चे सूत्र लावले तरी ४१०० होतात. ट्रॅक्टर तर मंद चालला होता.
— शेतकरी, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : पुतण्याने काम चोख केले आहे, फक्त बाइटचा क्रम उलटा धरला गेला. ट्रॅक्टरला रस्त्यावरच्या गाड्यांची भारत स्टेज मानके लागू नाहीत, त्यांची ट्रेम नावाची स्वतंत्र मानके आहेत. त्यातला चौथा टप्पा ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३पासून लागू झाला आणि त्याबरोबर या वर्गात संगणकाच्या ताब्यातली डिझेल इंजिने सर्रास आली. ती बहुधा जे१९३९ ही अवजड वाहनांची पद्धत बोलतात. त्या पद्धतीत लहान बाइट आधी आणि मोठी नंतर येते, कारच्या नेमके उलट. म्हणून ‘८० २५’ हे २५८० असे वाचायचे. त्याची दशमान किंमत ९६००, आणि ०.१२५ने गुणले की १२०० फेरे.

दुसरा फरक असा की येथे विचारावे लागत नाही. इंजिन आपणहून माहिती सोडत राहते आणि आपण फक्त ऐकायचे असते. फेरे ज्या संदेशात येतात त्याचा क्रमांक ६१४४४, त्यातली चौथी आणि पाचवी बाइट. कूलंटचे तापमान ६५२६२ क्रमांकाच्या संदेशात पहिल्या बाइटमध्ये येते आणि तेथेही ४०च वजा करायचे. एफएफ दिसले तर ते २५५ नव्हे. हे माप या ट्रॅक्टरवर उपलब्ध नाही, असा त्याचा अर्थ आहे. हे माहीत नसल्याने २१५ अंश तापमान पाहून घाबरलेल्यांची पत्रे आमच्याकडे येतात. इंजिनाचे एकूण तास ६५२५३ या संदेशात चार बाइटमध्ये असतात, प्रत्येक एककाला ०.०५ तास, आणि हा संदेश मात्र मागून घ्यावा लागतो. ‘७० १७ ०० ०० ’ असे आले तर क्रम उलटवून १७७०, दशमान ६०००, म्हणजे ३०० तास. मीटरवरच्या तासांशी हा आकडा जुळवून पाहिला की पुतण्याचे वाचन बरोबर आहे की नाही याचा निकाल लागेल. वॉरंटी चालू असेपर्यंत ऐकण्यापलीकडे काही पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. तासांचा संदेश मागण्याचे कामही डीलरच्या स्कॅनरवर करून घ्यावे.

प्रश्न : अडॅप्टर सॉकेटातच राहू दिले तर चालते का?
— चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : रोज चालणाऱ्या गाडीत चालते. उभ्या गाडीत नको, कारण १६ क्रमांकाची पिन चावी बंद असतानाही बॅटरीला जोडलेली असते. अडॅप्टर ४५ मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला एक अँपिअर-तासाहून थोडे अधिक जाते. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला दोन आठवड्यांत ते जाणवते, आणि बॅटरी जुनी असल्यास त्याच्याही आधी.

प्रश्न : जुनी पेट्रोल कार घेत आहे. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरवर कोडही नाही. एवढे पाहून सौदा करावा का?
— प्राथमिक शिक्षक, देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : करू नये. कोड पुसायला अर्धा मिनिटही लागत नाही. परंतु पुसताना ईसीयू काही खुणा मागे ठेवते. ‘०१ ३१’ विचारावे. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते दोन बाइटमध्ये मिळते. उत्तर ‘४१ ३१ ०० ०९’ असे आले तर विकणाऱ्याने नऊ किलोमीटरमागे सगळे पुसलेले आहे. ‘०१ ३०’ने तेव्हापासून इंजिन थंडावून पुन्हा किती वेळा गरम झाले ते कळते आणि ‘०१ ०१’मध्ये ईसीयूच्या कोणत्या स्वयंतपासण्या अपुऱ्या आहेत ते दिसते, बहुतेक ॲपांत हे ‘रेडिनेस’ या नावाखाली असते. बॅटरी काढून बदलली तरी हे आकडे शून्यावर जाऊ शकतात, म्हणून लगेच विकणाऱ्यावर आळ घेऊ नये. बॅटरीची पावती मागावी आणि गाडी दोन-तीन दिवस वापरून सर्व तपासण्या पूर्ण झाल्यावर कोड पुन्हा पाहण्याची अट घालावी. त्याआधी चावी चालू करून इंजिन सुरू न करता मीटरकडे पाहावे : चेक इंजिनचा दिवा त्या वेळी लागलाच पाहिजे. लागला नाही तर तो कोणीतरी काढलेला किंवा झाकलेला असू शकतो, आणि मग मीटर उघडून दाखवल्याशिवाय पैशाची बोलणी करू नयेत.